अजैविकमधला अ

नात शाळेत जाऊ लागली त्याच वर्षी साठी ओलांडलेल्या नावाड्यानं तिच्या पाटीवर अक्षरं गिरवली. आणि त्याच वर्षी तळ्यातले मासे पोट वर करून तरंगले.

नावाड्याच्या थोरल्या भावानं अंथरूण धरलं होतं, पण जाळं सोडलं नव्हतं. ते मांडीवर घेऊन सांधत बसायचा. "तळं सुधारलं की मी उठलोच म्हणून समज," म्हणायचा.

तळं तपासायला शहरातून आलेल्या बाईंना नावाड्यानंच होडीतून फिरवलं होतं. त्यांनी तळाचा गाळ बाटल्यांत भरून नेला. महिन्याभरानं धक्क्यावर कागद लागला. नावाड्यानं अक्षराला अक्षर जोडत वाचलं: 'तळाचा थर अजैविक.'

जैविक म्हणजे जीव असलेलं, एवढं त्याला बाईंच्या बोलण्यातून कळलं होतं. राहिला तो अ. नातीच्या वहीवर 'इ. पहिली' असायचं. इ म्हणजे इयत्ता, तसा अ म्हणजे अजून! तो धापा टाकत घरी आला.

"दादा, अजून जैविक! जीव आहे तळ्यात!"

"नीट वाचलंस का, पंडित?"

"या डोळ्यांनी वाचलं!"

"मग काय कानांनी वाचतात?" दादा हसला, खोकला, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवला.

आठवड्यानं बाई पुन्हा होडीत बसल्या. नावाड्यानं हौसेनं आपला शोध सांगितला. बाईंनी हातातली बाटली खाली ठेवली.

"काका, तो अ नकाराचा. न्याय, अन्याय, तसं. जीवापासून जैविक शब्द झाला. पुढे अ लागला की जीव नसलेलं. खाली साधा किडाही उरला नाही."

"पण अमर म्हणतात ना? त्यातही अ आहे."

"तिथं मरण नाही, काका. इथं जीव नाही."

वल्ही पाण्यात तशीच राहिली.

दादाला खरं सांगायचंच, असं ठरवून तो घरात शिरला. दादा म्हणाला, "त्या कागदावरचा शब्द पुन्हा सांग बघू."

"अजैविक." या वेळी तो अडखळला नाही.

"म्हणजे अजून, ना?"

नावाड्यानं जाळ्याचं एक टोक हातात घेतलं. "हो. अजून."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. दोरा दे."

थोरला भाऊ त्यानंतर नवव्या दिवशी, मंगळवारी दुपारी वारला.