पाच बाय पाच

रजनीने स्कूटी बांधाला लावली, रब्बीच्या पिकांची नोंद करायला डिकीतून रजिस्टर काढलं आणि हरभऱ्याकडे पाहिलं, तशी ती जागच्या जागी थबकली. घोट्याच्या वर आलेल्या हिरव्यागार हरभऱ्याच्या मधोमध सोयाबीनचा एक चौकोन उभा होता. झाडं वाळून काळी पडलेली, शेंगा फुटून पिळवटलेल्या. चार कोपऱ्यांना चार खुंट्या आणि खुंट्यांना ताणून बांधलेली दोरी. दोरी मुळात गुलाबी होती. ऊन-दव खाऊन तिला आता रंग म्हणावा असा उरला नव्हता, पण गाठी कोणाच्या आहेत हे रजनीला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या तिच्याच होत्या.

डिसेंबर अर्धा सरला होता. सोयाबीन ऑक्टोबरातच निघून जातं.

रजनी पटवारी होती, आणि चार वर्षांपासून हा हलका, म्हणजे आसपासच्या गावांचा हा गट, तिच्याकडे होता. बुऱ्हाणपुरात राजघाटाजवळ घर, तिथून निंबोल्यापर्यंत डांबरी रस्ता, आणि पुढे सहा किलोमीटर नशिबावर. तहसीलमध्ये ‘रजनी मॅडमचं काम म्हणजे एकदम चोख’ असं म्हणत, आणि तिलाही ते ऐकायला आवडायचं. दर हंगामात हलक्यातली चार शेतं चिठ्ठी टाकून निघत. प्रत्येकात पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखायचा, पीक तयार झालं की कापायचं, झोडायचं, तोलायचं. त्या चार वजनांवरून हलक्यात किती पिकलं ते ठरे, हलक्यांवरून जिल्ह्याचं, आणि शेवटी साऱ्या राज्याचं उत्पादन इतके लाख टन म्हणून पेपरात छापून येई. गावच्या बैठकीत रजनी हे मोठ्या तोऱ्यात सांगायची. तुमचा एक दाणा इकडचा तिकडे झाला तर भोपाळचा आकडा चुकतो, म्हणायची.

“आल्या का, बाई?”

मागे या शेताचे मालक देवरामआबा यांची बायको, मनकर्णाबाई उभ्या होत्या. डोक्यावर गवताचा भारा, कमरेला विळा. आवाजात राग नव्हता. उशिरा पोचलेल्या पाहुण्याला विचारावं तसं विचारलं होतं.

“मंगळवारी येणार होत्या ना तुमी.”

ऑक्टोबरातला कोणता मंगळवार, ते दोघींनाही ठाऊक होतं.

“मी आले होते, मावशी,” रजनी बोलून गेली. “तुम्ही बहुतेक घरी नव्ह...”

“आमी कुठं जातो?”

मनकर्णाबाईंनी भारा खाली टाकला. रजनीचे कान तापले. खोटं बोलायचं तर निदान पुरतं तरी बोलावं, तेही तिला जमलं नव्हतं.

त्या मंगळवारी घरी नणंदेकडचे लोक जेवायला यायचे होते, ही गोष्ट खरी. पण ते संध्याकाळी. सकाळ सगळी मोकळी होती. आदल्या रात्री पाऊस झाला होता, नाल्यात चिखल असणार होता, स्कूटी दोनदा ढकलावी लागली असती. बाकीची तीन शेतं तिने नेमाने केली होती, उन्हात उभं राहून, दाणा न् दाणा तोलून. अडीच किलोच्या आसपास आली होती ती तिन्ही. चौथ्याला तिला कंटाळा आला. एवढंच. तिने चहाचा कप बाजूला ठेवला, जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरला आणि दोन किलो सातशे असा आकडा लिहिला. शेत डोंगराच्या कडेचं, मोबाइलला गावात रेंज मिळते पण तिथे नाही, म्हणून फोटोबिटोची कटकट नव्हती. खाली देवरामआबांची सही तयारच होती. सप्टेंबरात चौकोन आखतानाच तिने घेऊन ठेवली होती. आबा, आत्ताच करून टाका, मग तुम्हाला शोधत फिरायला नको. आबांनी पूर्ण नाव लिहिलं होतं, एकेक अक्षर थांबत थांबत. आकडा कुठं आहे, असं विचारलंही होतं. तो तोलल्यावर, असं तिने हसून सांगितलं होतं.

विहिरीकडून देवरामआबा लगबगीने येताना दिसले. जवळ येऊन त्यांनी हात जोडले. सत्तरी गाठलेला माणूस, आणि चूक जशी काही त्यांच्याच हातून झालेली.

“तू पण ना,” ते बायकोला म्हणाले. “मॅडमला दहा कामं राहतात. एखादं भुलून जाते माणूस.” मग रजनीकडे वळून आवाज खाली आणला. “तुमी फिकर नका करू. साहेब येऊन गेले तपासणीला, मागच्या महिन्यात. मी बराबर सांगून दिलं.”

“काय सांगितलं, आबा?”

“हेच, का मॅडम आल्या होत्या. माझ्यासमोर कापलं, माझ्यासमोर तोललं. दोन किलो सातशे.” आकडा त्यांनी शाळेतल्या पोरासारखा म्हणून दाखवला. “कागदावर तेच लिहेल होतं. सही माझी. मी नाही म्हटलं असतं तर तुमची नोकरी गेली असती ना. तुमची पोरगी लहान आहे, तुमीच सांगितलं होतं.”

साहेब ओसरीवर बसून चहा पिऊन गेले होते. शेतापर्यंत जायची तसदी त्यांनीही घेतली नव्हती.

आपण पकडले जाऊ अशी भीती दोन महिने तिच्या मनात अधूनमधून येऊन जायची, आणि कुणी पकडलं नाही म्हणून तिने ती सोडूनही दिली होती. आपल्याला कुणी वाचवलं असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

“आणि पुढं काय झालं ते पण सांगा ना,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

आबा खाली बघत पायाने ढेकूळ फोडत राहिले.

“हे नाही सांगत. मी सांगते. नाल्याच्या या अंगाला सारं सोयाबीन पिवळं पडलं होतं, बाई. शेंगा धरल्याच नाहीत. सगळे म्हणत होते, यंदा विमा भेटेल. मग यादी लागली. हलक्यात पीक चांगलं आलं म्हणे, कोणालाच काही नाही. साठ घरं आहेत या अंगाला. लोकांनी शोधून काढलं, चौथं शेत कोणाचं. देवरामचं. मग यांनाच विचारायला लागले, आबा, तुमच्याच वावरात दोन किलो सातशे कुठून पडलं? पटवारीबाईकडून काय भेटलं तुमाला?”

“जाऊ दे ना आता,” आबा म्हणाले.

“महिना झाला, हे संध्याकाळी ओट्यावर बसायला जात नाहीत. भजनाला जात नाहीत. साऱ्या जिंदगीत यांना कोणी खोटं म्हटलं नव्हतं.” मनकर्णाबाईंनी चौकोनाकडे हात केला. “हरभरा पेरायचा होता तेव्हा म्हणे, हे उपटून टाकू, लोक बघतात. मी हात लावू दिला नाही. ज्यांनी आखलं ते येतील, म्हटलं. कधी ना कधी येतील.”

रजनी त्या काळ्या झाडांकडे बघत उभी राहिली. लाज तिला यापूर्वीही वाटली होती. परीक्षेत नापास झाल्यावर वाटली होती, भर मिटिंगमध्ये तहसीलदार ओरडले तेव्हा वाटली होती. पण त्या लाजेत थोडा राग मिसळलेला असे, त्याचा आधार व्हायचा. इथे रागावायला कुणी नव्हतं. समोरचा म्हातारा तिची लाज महिनाभर स्वतःच्या अंगावर घेऊन गावात वावरत होता, आणि वर तिलाच ‘फिकर नका करू’ म्हणत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मावशी, विळा द्या.”

“मॅडम, राहू द्या,” आबा घाईने म्हणाले. “आता काय उपयोग?”

उपयोग नव्हताच. निम्मे दाणे मातीत गळले होते, उंदरांनी नेले होते. या वजनाला कुठल्याही फॉर्मात जागा नव्हती, हे रजनीइतकं कुणाला ठाऊक असणार? मनकर्णाबाईंनी कमरेचा विळा काढून दिला.

रजनीने ओढणी कमरेला खोचली आणि दोरी ओलांडून आत गेली. कापायची तिला सवय नव्हती. आजवर ती वही घेऊन काठावर उभी राहायची, कापणारे दुसरे असायचे. वाळकी खोडं हाताला टोचत होती, शेंगांची टोकं बोटांत शिरत होती. दोन ओळी होईस्तोवर तिचा उजवा तळवा सोलवटला. आबा दोनदा पुढे आले, दोन्ही वेळा बायकोने त्यांना नजरेनेच मागे बसवलं. कापलेली झाडं गोणपाटावर टाकून रजनीने काठीने झोडली. मग ती जमिनीवर उकिडवी बसली आणि भेगांत पडलेले दाणे वेचू लागली. काही फुगलेले, काही मोड येऊन सुकलेले. तेही तिने घेतले.

डिकीतला काटा तिने बाभळीच्या फांदीला अडकवला. पिशवी टांगली. काटा नऊशे ग्रॅमच्या थोडा पुढे जाऊन थांबला.

बांधावर मोटारसायकलचा आवाज आला. शेजारचं वावर विनायकचं होतं. तो गाडीवरून उतरला, सोयाबीनच्या भुशाकडे बघितलं, मॅडमच्या मळलेल्या सलवारीकडे बघितलं.

“काय मॅडम, आता कोणती कटाई? सीझन तर केव्हाच निघून गेला.”

“ऑक्टोबरात करायची होती,” रजनी म्हणाली. “मी आले नव्हते, विनायकभाऊ. आकडा घरी बसून लिहिला. दोन किलो सातशे. आज तोललं, तर किलोसुद्धा भरलं नाही.”

एवढं सरळ उत्तर मिळेल असं विनायकला वाटलं नसावं. भांडायला मनात जमवलेलं सगळं तसंच राहिलं. मग त्याची नजर बांधावर बसलेल्या आबांकडे गेली.

“आणि आबांनी साहेबाला सांगितलं, माझ्यासमोर तोललं म्हणून. तोंडावर सांगितलं. ते काय होतं मग?”

आबांनी मान खाली घातली. रजनीला ती वाकलेली मान दिसली, पांढऱ्या टोपीखालची सुरकुतलेली काळी कातडी दिसली. मला वाचवायला बोलले, असं सांगणं सोपं होतं आणि खरंही होतं. पण तेवढ्याने आबा खोटं बोलले हे गावात राहणारच होतं. आज ना उद्या, एखाद्या भांडणात, कुणीतरी ते काढलंच असतं.

“ते मी सांगायला लावलं,” ती म्हणाली. “मीच फोन केला होता त्यांना. म्हटलं, सही तुमची आहे. नाही म्हणाल तर तुम्हीच अडकाल, पोलीस येतील. ते घाबरले.”

असा फोन कधी झाला नव्हता.

आबांची मान झटक्यात वर आली. “मॅडम, तसं काही...”

“तुमी थांबा,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्या रजनीकडे बघत होत्या. रजनीला वाटलं, आता ही बाई म्हणेल, पुन्हा खोटं बोलली. महिनोन्‌महिने ज्या बाईने एक खोटं उपटून टाकू दिलं नव्हतं, ती दुसरं कशाला पेरू देईल?

मनकर्णाबाई विनायककडे वळल्या.

“फोन आला तेव्हा मी घरातच होती,” त्या म्हणाल्या. “हे दोन दिवस जेवले नाहीत.”

विनायकने गाडीच्या आरशावर हात ठेवला, मग काढला.

“पंचनामा लागेल, मॅडम. तुमच्या तोंडचं हे सगळं कागदावर. सोडणार नाहीत तुमाला वरचे.”

“हो. चार जणांना घेऊन या. मी इथंच आहे.”

तिने रजिस्टर उघडलं, कोरं पान काढलं आणि वर तारीख टाकली. बोटाचं रक्त पानाला लागलं, ते तिने ओढणीने टिपलं. घरी काय सांगायचं, तहसीलदार काय म्हणतील, हे सगळं मागून येणारच होतं. मनकर्णाबाई तिच्यापासून दोन हातांवर बसून भुशातले दाणे निवडत होत्या. रजनीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर दिली नाही.

विनायकने गाडी वळवली, पण गेला नाही.

“आबा,” त्याने हाक मारली. “बसा ना मागं. लोकांना तुमीच बोलवा.”

आबांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग रजनीकडे. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, धोतराची माती झटकली आणि विनायकच्या खांद्याचा आधार घेऊन गाडीवर बसले. जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि रजनीला ते बरंच वाटलं.