भट्टीची आरती

या, असे जवळ सरकून बसा. बुवा पूर्वरंग आटोपून चहा घेताहेत, तेवढ्यात आपल्या देवळी गावच्या मोहिनीची गोष्ट सांगतो.

सन २००६ची. वर्ध्याच्या एका कॉलेजात ही पोर कार्बनचे तंतू उगवी. निकेलचा मुलामा दिलेली चकती भट्टीत तापवायची, वरून कापराची वाफ सोडायची. केसाहून कितीतरी बारीक तंतू उगवत. निर्वात पेटीत त्यांना विजेचा दाब दिला, की टोकांतून इलेक्ट्रॉन सुटून समोरचा पडदा उजळायला हवा. पण पडदा आजवर काळाच राहिला होता. उद्या पुण्याचे परीक्षक येणार. उजळला नाही तर काम बंद, भट्टी दुसऱ्याकडे.

परीक्षक येण्याच्या आदल्या सकाळी तिची आई रुख्माबाई डबा घेऊन आली. मोहिनी गॅसचं सिलिंडर पाहायला बाहेर गेली. परतते तर भट्टीवर हळदकुंकू, आणि तोलून ठेवलेला शुद्ध कापूर बशीत पेटलेला!

"माय वं! हे काय करून राह्यली?"

"तुह्या भट्टीची आरती. दसऱ्याले मोटरपंपाची करतोच ना आपण?"

"शेवटचा कापूर होता तो! आता तंतू कायचे उगवू, उदबत्तीचे?"

आरती अर्ध्यावरच थांबली. नवा कापूर मुंबईहून येणार, तो आठवड्यानं. दुकानातल्या वड्यांत काय मिसळलेलं असेल, देव जाणे. रुख्माबाईनं पिशवीतून, कापूर उडू नये म्हणून मिरे घातलेली डबी काढली. गावच्या हरिनाम सप्ताहाच्या समाप्तीसाठी राखलेला, बिनभेसळीचा भीमसेनी कापूर.

"देवाचा हाये. घे."

"अन् नाई उगवले तं?"

"तं मी देवाशी भांडीन. तू माह्याशी भांडजो."

मोहिनीनं त्या कापरावर रातोरात तंतू उगवले. दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर खोलीत अंधार केला. मोहिनी दाब वाढवत गेली. पडदा काळा. आणखी वाढवला. काळाच. परीक्षकांनी घसा खाकरला. दाराबाहेर रुख्माबाई पदर तोंडाशी धरून बसलेली.

मग कोपऱ्यात एक हिरवा ठिपका. दुसरा. अर्धा पडदा उजळला, अर्धा तसाच राहिला.

"अर्ध्याचं कारण शोधा," परीक्षक म्हणाले. "भट्टी इथंच राहील."

मोहिनीनं दार उघडलं. "माय, उजळला. अर्धाच."

"मंग राह्यलेली आरती म्हणू?"

"म्हण. पण कापूर पेटवू नको!"

त्या साली आमच्या सप्ताहाची आरती नुसत्या तुपाच्या वातीवर झाली. चला, बुवा उठले. उत्तररंग झाला की आरतीचा कापूर पेटेल. ज्योतीवरून हात फिरवाल तेव्हा आमच्या रुख्माबाईची आठवण असू द्या.