डावा दरवाजा माझा नाही

मित्रांनो, मी एक जुनी फियाट आहे आणि मला राग आला आहे.

माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूने आपली कहाणी डोळे पुसत सांगावी, अशी पद्धत आहे. मला डोळे आहेत. गोल, मोठे, चकचकीत कडांचे. पण ते पुसण्यासाठी नाहीत, समोरच्यावर रोखण्यासाठी आहेत.

मला चार दरवाजे. प्रत्येकामागे माझ्या गोष्टीचा एक तुकडा आहे. एकेक उघडा. आपटू नका.

उजवा मागचा

माझा जन्म १९६१ सालचा. माझे पुढचे दोन्ही दरवाजे उलटे उघडतात, म्हणजे त्यांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला आहेत. असे दरवाजे आता शोधूनही मिळत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे याचीच चोरी आहे.

आधी मी एका डॉक्टरांची होते. तेव्हा लोक माझ्याकडे बघून "डॉक्टर आले" म्हणत आणि त्यांना निम्मं बरं वाटे. मग डॉक्टर गेले. मी एका गोदामामागच्या गवतात बावीस वर्षं उभी राहिले. माझ्या मागच्या सीटवर एक मांजर तीनदा व्याली. येणारा-जाणारा म्हणे, "ते बघ, डुक्कर फियाट." माझ्या गोल पाठीवरून हे नाव पडलंय. म्हणणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा माझ्या काचेत अजून आहे.

उजवा पुढचा

या दरवाजातून यज्ञेश्वर आत आले.

कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेला हा गृहस्थ मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर भांडणारा. मला ओढत कोथरूडला आपल्या सोसायटीत आणलं आणि पार्किंगमध्ये विटांवर चढवलं. आठवड्यात पाटी लागली : "येथे भंगार ठेवू नये. गाडी असल्यास चालवून दाखवावी." यज्ञेश्वरांच्या पत्नी हेमाबाई खाली उतरल्या आणि पाटीखाली खडूने लिहून गेल्या : "सोसायटीची लिफ्टही चालवून दाखवावी."

नऊ वर्षं लागली. इंजिन यज्ञेश्वरांनी स्वतः उघडलं आणि स्वतः बांधलं. दरवाजांच्या आतल्या गाद्या हेमाबाईंनी शिवल्या, करड्या रेक्झीनच्या, तिरप्या टाक्यांच्या. आणि माझा पत्रा ठोकला कासिमभाईंनी.

कासिमभाईंचं दुकान शनिवार पेठेत. दर रविवारी ते स्कूटरवर हातोड्यांची पिशवी अडकवून येत. आता तुम्हाला लांबी म्हणजे काय ते सांगायला हवं. पत्र्याला खड्डा पडला की आळशी माणूस त्यात लांबी नावाचं लुकण भरतो, ते वाळतं, वर रंग मारतो. दिसायला सुरेख, आतून खोटं. कासिमभाई लांबीला हात लावत नसत. खड्ड्याच्या मागे जाड लोखंडाची डॉली धरायची आणि पुढून हलक्या हाताने ठोकत पत्रा जागेवर आणायचा. एका दरवाजाला दोन दोन महिने. ठोकून ठोकून त्यांचा एक कान गेला होता.

"कासिमभाई, चमचाभर लांबी भरा आणि मोकळे व्हा," हेमाबाई चहा देताना म्हणत.

"वहिनी, तुम्ही साखरेच्या जागी खडू घालून चहा कराल का?"

पत्रा सरळ झाला की ते आतल्या बाजूला, गादीखाली झाकलं जाईल अशा जागी, टोकदार पंचाने तीन ठिपके मारत. टक्, टक्, टक्. यज्ञेश्वरांचं तिकडे कधी लक्ष गेलं नाही. गादी बसवताना हेमाबाईंनी एकदा विचारलं होतं.

"सही आहे वहिनी. कुणाला दाखवायची नसते, म्हणून आत."

मित्रांनो, माझ्या चार दरवाजांवर बारा ठिपके होते. एवढी श्रीमंत गाडी पुण्यात दुसरी नव्हती.

डावा मागचा

हा दरवाजा माझाच आहे, पण शेजारी जे घडलं ते त्याने पाहिलं.

रणजित खराडीला राहतो. त्याच्याकडे बारा जुन्या गाड्या आहेत आणि एकीखालीही तो कधी आडवा झालेला नाही. तो आला, माझ्याभोवती फिरला, यज्ञेश्वरांच्या पाया पडला.

"काका, माझ्याकडेही हेच मॉडेल आहे. डावा पुढचा दरवाजा पार सडलाय. तुमचा आठ दिवस नमुना म्हणून द्याल? बघून नवा करून घेतो."

या छंदाची माणसं एकमेकांना भाग उसने देतात. चिठ्ठी नाही, पावती नाही. मागितला तर नाही म्हणायचं नाही, अशी रीत. यज्ञेश्वरांनी स्वतः दरवाजा उतरवून दिला, वर जुन्या चादरीत गुंडाळून.

आठ दिवसांनी दरवाजा परत आला. ताजा रंगवलेला.

"जरा ओरखडा पडला होता काका. म्हटलं, रंगवूनच द्यावा."

"किती करतोस रे," यज्ञेश्वर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला तेव्हाच त्यांचा पहिल्यांदा राग आला.

कारण तो दरवाजा माझा नव्हता. वरची गादी हेमाबाईंची, आतला सांगाडा दुसऱ्याचा. तो जड होता. दोनदा ओढल्याशिवाय लागत नव्हता. मी मला येत होतं तेवढं सगळं केलं. खडखडले. शिट्टी वाजवली. पावसाचं पाणी आत घेतलं. यज्ञेश्वरांनी काय केलं? बिजागरीत तेलाचे तीन थेंब सोडले.

मग त्या थंडीत जुन्या गाड्यांचा मेळावा आला. तिथे परीक्षक कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन फिरतात. पत्र्याला चुंबक चिकटतं, लांबीला नाही. यज्ञेश्वर छाती काढून उभे होते. "या गाडीत चमचाभर लांबी निघाली तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

उजवीकडे चुंबक चिकटलं. मागे चिकटलं. डाव्या पुढच्या दरवाजावर ठेवलं आणि ते सरळ घसरून गवतात पडलं.

कोणीतरी हसलं. रणजित पुढे झाला, यज्ञेश्वरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होतं काका असं. कारागिरांवर फार विश्वास ठेवू नये."

मित्रांनो, माझी टाकी तेव्हा पेट्रोलने अर्धी भरलेली होती. एक ठिणगी हवी होती, बस्स.

यज्ञेश्वरांनी तिथूनच फोन लावला. "कासिमभाई, नऊ वर्षं फसवलंत मला."

पलीकडून शांत आवाज आला. "गाडी घेऊन या. बघू."

"आता काय बघायचं? चुंबक खोटं बोलतं का?"

चुंबक खोटं बोलत नाही. पण गादी काढायला चार स्क्रू फिरवावे लागतात आणि तेवढे या शंभराव्या मिलिमीटरवाल्याने फिरवले नाहीत.

बातमी पसरायला किती वेळ लागतो? कासिम लांबी भरतो. ज्यांचे ज्यांचे पत्रे त्यांच्या दुकानात होते, त्यांनी ते उचलून नेले. दोन वर्षं गेली. हेमाबाईंनी एकदा शनिवार पेठेत पाहिलं, कासिमभाई लोखंडी कपाटांचे पोचे काढत बसले होते. घरी येऊन त्या माझ्या मागच्या सीटवर एकट्याच बसल्या आणि म्हणाल्या, "हा माणूस असं करणार नाही गं." मला. यज्ञेश्वरांना सांगून उपयोग नव्हता.

डावा पुढचा

मी या गाडीचा नाही. मला कोणी विचारलं नव्हतं.

डावा पुढचा, पुन्हा मी

बरं. त्याच्यावरचा राग मी सोडला. तोही फसवलेलाच.

दोन वर्षांनी मेळाव्याच्या आठवड्यात हेमाबाई डावीकडे बसल्या होत्या. त्यांनी काच खाली करायला दांडी फिरवली आणि मी काच सोडून दिली. धाडकन ती दरवाजाच्या पोटात जाऊन पडली. जुन्या गाडीत असं होतंच, असं यज्ञेश्वर म्हणाले. होतं ना. पण ज्या दिवशी मला हवं त्या दिवशी होतं.

काच काढायची म्हणजे गादी काढणं आलं. हेमाबाईंनी चार स्क्रू फिरवले, गादी बाजूला केली आणि थांबल्या.

"अहो, ठिपके कुठे गेले?"

"कसले ठिपके?"

त्या उठल्या. उजवीकडे गेल्या, गादी उचकटली. तीन ठिपके. मागचा दरवाजा. तीन. डावा मागचा. तीन. मग पार्किंगच्या फरशीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. यज्ञेश्वर बराच वेळ दरवाजावर नख घासत उभे होते. रंगाखालून पिवळी लांबी निघत होती.

"मी त्या माणसाला काय म्हणालो, हेमा."

"मला पाठ आहे. सांगू?"

मेळाव्याला ते मला घेऊन गेले. रणजितची फियाट सगळ्यांच्या पुढे उभी होती, परीक्षक तिच्या डाव्या दरवाजावर चुंबक लावून मान डोलवत होते. हेमाबाई पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढत तिथे पोचल्या.

"वा रणजित! गादीचा टाका बघू दे जरा. मला आतूनही बघायचाय."

"काकू, अहो, मूळचं आहे ते, खराब होईल..."

"मूळचंच बघायचंय."

परीक्षक वाकले. गादीखाली चमकदार पत्रा होता आणि त्यावर एका रांगेत तीन ठिपके. हेमाबाईंनी त्यांना माझ्याजवळ आणून उरलेले नऊ दाखवले आणि मग तो लांबीचा दरवाजाही दाखवला.

"पेंटरकडे अदलाबदल झाली असेल," रणजित पुटपुटला. "चुकून."

"चुकून तुझ्याकडे चांगला आला. चुकून आमच्याकडे वाईट आला. आणि कारागिरांवर विश्वास ठेवू नये, हेही चुकूनच निघालं तोंडातून?"

"मी घरी पोचवतो ना दरवाजा, उद्या..."

"आत्ता. इथे."

लोक गोळा झाले. तिथेच दोन्ही गाड्यांचे दरवाजे उतरले. लांबीचा दरवाजा रणजितच्या गाडीच्या मागच्या सीटवर टाकला गेला, कारण तो बसवायला कोणी मदत केली नाही. बारा गाड्यांचा मालक, एका बाजूने सताड उघडा, सगळ्यांसमोरून निघून गेला. मी हॉर्न दिला. हॉर्नच्या तारा जुन्या आहेत, कधी कधी आपोआप वाजतो.

रिकामी चौकट

माझ्या सुडाची यादी इथे संपत नाही. अजून एक माणूस शिल्लक होता आणि तो माझं स्टिअरिंग धरून बसला होता.

यज्ञेश्वरांनी माझा दरवाजा बसवला नाही. "तो त्यांनीच बसवायचा," म्हणाले. चादरीत गुंडाळून मागे ठेवला आणि आम्ही शनिवार पेठेकडे निघालो. माझी डावी बाजू उघडी, हेमाबाई मागे दरवाजाला धरून बसलेल्या. सिग्नलला लोक बघत होते. यज्ञेश्वर हिरवा दिवा लागला तरी गिअर टाकत नव्हते. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं : ही वाटेत बंद पडली तर बरं.

मित्रांनो, त्या दिवशी मी एकदाही बंद पडले नाही. एक उचकी नाही. हाच माझा सूड.

कासिमभाई एका कपाटावर वाकलेले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"दरवाजा बसवायचाय," यज्ञेश्वर म्हणाले.

"मी लांबीवाला. तुम्हीच म्हणालात."

यज्ञेश्वरांनी चादर सोडली. ठिपके वर येतील असा दरवाजा जमिनीवर ठेवला आणि त्याच्याजवळ खाली बसले. "मी उघडून पाहिलं नाही, कासिमभाई. चार स्क्रू होते."

कासिमभाईंनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग पंच उचलला आणि तीन ठिपक्यांच्या शेजारी एक चौथा मारला. टक्.

"हा कशाचा?" यज्ञेश्वरांनी विचारलं.

"हा तुमचा. आता उचला तिकडून. मला एका हाताने बिजागरी बसत नाही."

दरवाजा बसला. एका धक्क्यात लागला. आता रविवारी कासिमभाई त्या बाजूला बसतात आणि काच हलकेच खाली करतात. त्यांच्या हाताने ती लोण्यासारखी उतरते. यज्ञेश्वरांनी फिरवली तर मात्र निम्म्यावर अडते, बरोबर चौथ्या ठिपक्याच्या उंचीला. त्यांनी दोनदा तेल घातलं. उपयोग नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी शेवटी म्हणावं हे मला माहीत आहे. जपाच. पण कोणाच्या हातावर खोटेपणाचा डाग लावण्याआधी चार स्क्रू फिरवून आत बघा. नाहीतर आम्ही जुन्या गाड्या फार सावकाश चालतो आणि काहीही विसरत नाही.