पात्यावरचा पैसा

चार दिवस शिराळ्याच्या शिवारात पान हललं नव्हतं. मळलेला शाळू खळ्यावर पडून होता आणि उफणायला वारा नव्हता. लढाईवरून परतलेल्या आकारामने लष्कराच्या मोडीतलं लहान टू-स्ट्रोक इंजिन आणून वारा घालायला त्याला पंख्याचं सागवानी पातं बसवलं होतं. सुरीच्या धारेवर तोलून तोलून ते पातं त्याने तीन दिवस तासलं होतं.

सकाळी पूजा झाली. पात्याच्या एका टोकाला कुंकवाखाली काहीतरी चकाकलं. उंबऱ्याला ठोकतात तसा राहीआत्याने तिथे ढब्बू पैसा ठोकला होता. खिळ्यापाशी केसाएवढी चीर गेली होती.

"आत्या, ह्ये काय केलंस गं?"

"लक्ष्मी हाय ती. हात लावू नगंस."

दुसरं पातं नव्हतं, आणि खळ्याभोवती सगळी भावकी जमली होती. हळू चालवू, असं मनाशी ठरवून आकारामने इंजिन सुरू केलं.

पेट्रोल जास्त, हवा कमी. इंजिन अडखळत फिरत राहिलं. त्याची बायको साळू शाळूची पाटी घेऊन उफणायच्या तीन पायांच्या उंच वावडीवर चढली. दाणे आणि भुसा एकाच जागी पडले.

"गड्या, ह्यापरास माजी म्हस बरी फुंकती!" चुलतभाऊ केरबा ओरडला. सगळे हसले.

साळूने खाली उतरून वावडी पात्याच्या अगदी शेजारी सरकवली. "आवं, जरा वाढवा की."

पेट्रोल कमी करायला आकारामने कार्बोरेटरची सुई अर्धा फेरा आवळली. अडखळणं थांबलं, भुसा उडू लागला; पण चौकट थरथरायला लागली. पेट्रोल जास्त झाल्याची थरथर वेग वाढला की जाते, पात्याचा तोल बिघडल्याची वाढते. हे त्याला ठाऊक होतं. तरी केरबाकडे बघत त्याने सुई आणखी पाव फेरा पिळली.

पायाखालची जमीन थरथरली. त्याने घाईघाईने पेट्रोलचा कॉक बंद केला, आणि त्याच क्षणी आपली चूक त्याच्या ध्यानात आली. आत उरलेलं पेट्रोल संपत येईल तशी हवा वाढणार, आणि बंद पडण्याआधी इंजिन सगळ्यात जोरात पळणार.

"साळू, उतर खाली!"

इंजिनाच्या आवाजात त्याची हाक बुडाली. तो धावला. त्याला येताना पाहून साळू हसली. नवरा हरखलाय, असंच तिला वाटलं असावं.

"चाललं की वं!"

इंजिनाचा सूर चढत गेला. एवढा स्वच्छ सूर इंजिनाने कधीच लावला नव्हता. मग पैशाच्या खिळ्यापाशी लाकूड तडकलं, तुटलेलं टोक वावडीकडे उडालं, आणि ओझं सुटलेलं इंजिन किंचाळलं.

पाटी साळूच्या हातातच होती. ती तशीच, हसरी, हळूहळू वावडीवर खाली बसत गेली.