बघतोय

"उघडतोय," मेहुणा म्हणाला.

"बघतोय," मास्तर म्हणाला.

घोणशीच्या पेटीचं मागचं दार उघडलं आणि मेहुण्याचे हात कोपरापर्यंत आत गेले. या छोट्याशा सर्पालयात पेटी साफ करायची ती दोघांनी, हा रिवाजच होता. एकाने हात घालायचे आणि आपलं काम करायचं, सापाकडे ढुंकूनही बघायचं नाही. दुसऱ्याने काम काही करायचं नाही, फक्त सापावर नजर ठेवायची. साप नजरेआड झाला की त्याने "थांब" म्हणायचं आणि पहिल्याने हात बाहेर घ्यायचे. इतकी वर्षं हे दोघं असंच काम करत आले होते आणि दोघांचीही सगळी बोटं शाबूत होती.

"कुठंय बाई?"

"खोडाखाली. वेटोळं घालून पडलीय."

"पडू दे. तिलाही रविवारची सुट्टी."

मास्तर हसला. खोडाखाली तपकिरी असं काहीतरी होतं, एवढंच त्याला कळत होतं. सरळ बघायला गेलं की तेही पुसलं जायचं. उन्हाळ्यापासून हे सुरू झालं होतं. मधली नजर जाणार, कडेची राहील आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून हल्ली तो मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा. "भाऊजी, असं तिरकं काय बघताय, लाजल्यासारखं?" असं म्हणून मेहुणा चिडवायचा.

बायकोला सगळं माहीत होतं. ती इथेच तिकिटाच्या खिडकीवर बसायची. "माझ्या भावाचे हात असतात आत. त्याला सांगा, नाहीतर मी सांगते," असं तिने किती वेळा तरी बजावलं होतं. "सांगतो गं. पण मग मी करू काय? सापांशिवाय मला दुसरं येतंय काय?" असं मास्तर म्हणाला की तीही विषय सोडून द्यायची. मास्तर हे त्याचं टोपणनाव. दर रविवारी दुपारी तो लोकांना सापांची माहिती सांगायचा, त्यावरून ते पडलं होतं. त्या नावाचा त्याला अभिमान होता, आणि तो त्याने कधी लपवलाही नाही.

पाण्याचं भांडं कलंडून पेटीतला पाचोळा भिजला होता. मेहुण्याने तो ओंजळी ओंजळीने घमेल्यात भरला, कोरडा पाचोळा पसरला आणि दार लावून कुलूप घातलं.

"हे ताईला नेऊन देतो. कुंड्यांत घालायला मागत होती," असं म्हणत त्याने घमेलं उचललं. ते बाहेर तिकिटाच्या खिडकीपाशी ठेवून तो मगरीचं खाणं घेऊन तळ्याकडे निघून गेला.

सर्पालयाचं दार उघडलं तशी गर्दी आत आली. कोणी काचेवर टिचक्या मारत होतं, कोणी घोरपडीला मगरीचं पिल्लू म्हणत होतं, आणि अजगर प्लास्टिकचा आहे हे एका गृहस्थाने आपल्या सबंध कुटुंबाला पटवून दिलं होतं. मास्तरला रविवारची ही गडबड आवडायची. तो हात मागे बांधून फिरत होता.

"अहो, या पेटीतला साप कुठंय?" एका बाईने विचारलं.

"कुठली? घोणस ना? ती काय, खोडाखाली."

"ती नुसती कात आहे हो. आरपार दिसतंय. तोंडाकडून फाटलीय बघा."

मास्तरने काचेला नाक लावलं. मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. तपकिरी डागातून पलीकडचा उजेड येत होता. सकाळी पेटीतला दिवा लावलेला नव्हता, तेव्हा हा उजेड दिसला नव्हता.

घोणस नवी होती, हातभर लांबीची आणि थंडीने सुस्तावलेली. कात टाकून ती पाचोळ्यात शिरली असणार. तो पाचोळा मेहुण्याने त्याच्याच भरवशावर उघड्या हातांनी उचलला होता. मेहुणा वाचला होता. पण आता घमेलं बायकोकडे होतं.

त्याने भिंतीवरचा साप उचलायचा आकडा काढला आणि गर्दीतून वाट काढत निघाला. "साप" हा शब्द त्याने तोंडातून काढला नाही. काढला असता तर दारात चेंगराचेंगरी झाली असती. बाहेर उन्हात त्याला आधी काहीच दिसेना. मग डोळ्याच्या कडेला कुंड्यांपाशी उकिडवी बसलेली बायको दिसली. तिच्या पुढ्यात घमेलं होतं आणि दोन्ही हात पाचोळ्यात.

"थांब!" तो ओरडला. "हलू नकोस. हात आहेत तिथेच ठेव."

तिने वर बघितलं. त्याचा चेहरा बघून तिला काय ते कळलं आणि ती जागच्या जागी थिजली. त्याच क्षणी घमेल्यातून कुकरची वाफ सुटावी तसा फुत्कार आला. तिकिटाची रांग भराभर मागे सरली.

मास्तर आकडा घेऊन पुढे झाला आणि घमेल्यापाशी गुडघ्यावर बसला. पाचोळा तपकिरी, घोणस तपकिरी, बायकोचे हातही मातीने माखलेले. सरळ बघितलं की सगळंच नाहीसं व्हायचं. तिरकं बघितलं की सगळंच सापासारखं दिसायचं. त्याने आकड्याचं टोक पुढे नेलं आणि तसंच मागे घेतलं. चुकून शेपटीला लागलं तर ती फिरून बायकोच्या मनगटालाच चावेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आरडाओरडा ऐकून सर्पालयाचे साहेब ऑफिसातून धावत आले. "मास्तर, उचला ना! वाट कसली बघताय?"

मागून मेहुणाही झाकणाची बादली घेऊन पळत आला. "भाऊजी, डोकं तर वरच आहे! घ्या ना!"

सगळे त्याच्याकडेच बघत होते. सगळ्या गावात त्याच्यासारखा हात कुणाचा नाही, असं साहेबच पाहुण्यांना सांगायचे.

"मला दिसत नाही," मास्तर म्हणाला.

"काय दिसत नाही?"

"साप. मला साप दिसत नाही, साहेब. तू घे रे." त्याने आकडा मागे मेहुण्याकडे धरला.

मेहुण्याने क्षणभर त्याच्याकडे असं बघितलं, की त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं. मग आकडा घेतला. "आणि बघणार कोण?"

"मी बघतेय," बायको ओठही फारसे न हलवता म्हणाली. "डाव्या मनगटाजवळ आहे. तोंड कडेकडे केलंय."

"घालतोय."

"बघतेय. अजून खाली घे. आता आहे बघ आकड्यावर."

तिचा आवाज जराही कापला नाही. पाचोळा सळसळला, काहीतरी हवेतून गेलं आणि बादलीचं झाकण बसल्याचा आवाज आला. बायकोने हात बाहेर काढले, उलटसुलट करून बघितले आणि मग ती मटकन खाली बसली.

रांगेतल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी साथ दिली नाही, तेव्हा तोही ओशाळून थांबला.

"कधीपासून?" मेहुण्याने विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"म्हणजे नागाच्या पेटीलाही? मण्यारीच्याही?"

"हो."

मेहुण्याच्या तोंडाशी काहीतरी भयंकर आलं होतं. ते गिळून तो बहिणीकडे वळला. "ताई, तुला माहीत होतं?"

ती नखांतली माती काढत राहिली.

"अगं, मी हात घालत होतो आत."

"हो रे," ती म्हणाली, आणि मग ती रडायला लागली. मेहुण्याने तिला उठवलं नाही, तिच्याजवळ बसलाही नाही. बादली उचलून तो आत गेला. मास्तरला त्या क्षणी वाटलं, घोणस आपल्यालाच चावली असती तर फार सोपं झालं असतं.

साहेबांनी आवाज खाली आणला. "तुम्ही आता घरी जा. उद्या निवांत बोलू."

उद्याच्या निवांत बोलण्याचा अर्थ मास्तरला कळत होता. त्याने मान डोलावली.

"दुपारची माहिती?" त्याने विचारलं.

"राहू दे आज."

"सांगून जातो, साहेब. त्यात हात घालावा लागत नाही."

साहेब घड्याळात बघत ऑफिसकडे वळले. मास्तरने ते हो समजून घेतलं.

दुपारी घोणस पुन्हा पेटीत होती. बाहेरची बातमी आत पोचल्यामुळे काचेपुढे भलतीच गर्दी जमली होती. मास्तरने शर्ट झटकला, केसांवरून हात फिरवला आणि दर रविवारसारखा घसा खाकरला. ती कशी दबा धरते, कशी अंड्यांऐवजी जिवंत पिल्लं घालते, चावली तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखान्यात कसं जायचं, सगळं त्याने नीट सांगितलं. त्याला ते तोंडपाठ होतं. एरवी इथे तो काचेवर बोट ठेवून डोकं दाखवायचा. आज त्याचं बोट उचललं गेलं नाही.

"आता तुम्ही शोधा बघू," तो म्हणाला.

काचेवर बोटंच बोटं उमटली. एकाने फांदी दाखवली, दुसऱ्याने दगड. दोघांचं थोडं वाजलंही. शेवटी पुढे बसलेली एक चिमुरडी ओरडली, "सापडली! इथे बघा काका, पानाखालून डोकं काढलंय."

मास्तर तिच्या शेजारी खाली बसला आणि तिच्या बोटाच्या रेघेत बघायला लागला.

"दिसली?" तिने विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाला. "मला नाही दिसत. तू सांग, कशी आहे."

मुलीने काचेला गाल टेकवला आणि सांगायला सुरुवात केली.