एक सूर खाली

हिरालालनं क्लॅरिनेटची पत्ती जिभेवर ओली केली, जागेवर घट्ट बसवली आणि अंगणातल्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. भंतेजी परसवाड्याहून निघाले होते. लोक यायला अजून तासभर होता.

"काका, घाई करू नका," रचना म्हणाली. "बाबा वाजवायचे तसंच हवंय मला."

"तसंच वाजवतो न वं बाई. मास्टरनंच तं शिकवलं."

मास्टर म्हणजे तिचे वडील, घनश्याम. बालाघाटात पस्तीस वर्षं त्यांनी लग्नाचा बँड चालवला, हिरालाल त्यातलाच. वरात आटोपून घरी आले की मात्र ते एकच धून वाजवत. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका युरोपीय वाद्यरचनेचा, कॉन्चेर्टोचा, मधला, संथ भाग. कॅसेटवरून कानानं उचललेला. त्यांच्या टेपरेकॉर्डरची मोटर थकलेली होती, त्यामुळे डी मायनर या पट्टीतली ती धून एक सूर खाली उतरली होती आणि लयही सुस्तावली होती. मूळ संगीतात दुःख ताठ मानेनं चालत जायचं. बाबांच्या वाजवण्यात ते चार पावलांवर टेकायचं, दम खायचं, मग उठायचं. लहानपणी रचनाला ते ऐकतच झोप लागायची.

पाच वर्षांपूर्वी पुण्यात तिनं मूळ ध्वनिमुद्रण ऐकलं आणि हसत हसत फोन केला होता. "बाबा, जन्मभर चुकीचं वाजवलंत. तुमचा टेप हळू चालायचा."

 पलीकडून बाबा म्हणाले, "हौ का? पाठव बरं मले."

तिनं पाठवलं. नंतर तो विषय निघाला नाही. ती घरी यायची तेव्हा धून वाजत नसे, आणि तिनंही कधी मागितली नाही. आज, त्यांच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीत, तिला ती धून एकदाच, त्यांच्या चालीत ऐकायची होती.

हिरालालनं डोळे मिटले. पहिलाच सूर वर लागला. लय न रेंगाळता पुढे निघाली.

"काका, हे नाही. जुनं."

"जुनं कोनतं?"

"बाबांचं. हळू. खालच्या पट्टीतलं."

हिरालालनं वाद्य मांडीवर ठेवलं. "ते मास्टरनंच मोडून टाकलं, बाई. तुह्या फोनानंतर रोज सकाळी मले बसवे. मोबाईल मधात ठेवून. बैहरच्या लग्नातून थकून आलो तरी सुट्टी नाही. ओठ सुजले माहे." तो हसला. "म्या म्हटलं, काहून एवढं? तं म्हणे, रचना आली का बरोबर ऐकू आलं पाह्यजे तिले. पक्कं होयेपर्यंत छाती बिघडली त्याची. तुह्यासमोर वाजवाचं राहूनच गेलं."

रचनानं एक खुर्ची उगाच सरळ केली.

"जुनं एकदा आठवून बघता?"

त्यानं प्रयत्न केला. दोन ओळी खालून निघाल्या, तिसरीत बोटं आपोआप वर सरकली. त्यानं मान हलवली. "नाही मानत आता."

वंदना झाली. भंतेजींनी खूण केल्यावर हिरालाल उभा राहिला आणि धून अथपासून इतिपर्यंत वाजली, स्वच्छ, नेमक्या लयीत. रचनाची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. दरेक ठोका सुराच्या मागे, जरासा उशिरा पडत होता.

लोक उठू लागले तसा तो तिच्याजवळ आला. कपाळावर घाम होता.

"कुठं चुकलो का, बाई?"

"नाही काका," ती म्हणाली. "कुठंच नाही."