धास्तीची साखर

रिओ ग्रांदेच्या काठच्या त्या वस्तीत मधुमेह कशाने होतो, हे डॉक्टर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. धास्तीने. माणूस दचकतं, जीव जागचा हलतो आणि रक्तात साखर उतरते. एर्लिंदाला ती नवरा ट्रॅक्टरखाली आला त्या दुपारी लागली, फिदेन्सियाला पुराच्या वर्षी. फिदेन्सिया तिची कोमाद्रे, म्हणजे लेकीची धर्ममाता. सख्ख्या बहिणीशी भांडता तरी येतं, कोमाद्रेशी तीही सोय नाही.

महामारी आली तेव्हा दोघी संत्र्यांच्या गोदामात फळं निवडायच्या. दवाखान्याने सांगितलं, साखर असलेल्यांनी घरी बसा. मुकादम एव्हारिस्तो काचेच्या केबिनमधून म्हणाला, "साखर कुणाला नाही इथं? सगळ्याच घरी बसल्या तर संत्री काय आपणहून पेटीत उड्या मारतील?" फिदेन्सियाने तापातच रजा मागितली. "उद्या बघू," तो म्हणाला. तिचा उद्या इस्पितळात उजाडला आणि तिथंच मावळला. एव्हारिस्तोने सांत्वनाला एर्लिंदाकडे केक पाठवला. क्रीमचा. मधुमेह्यांच्या घरी.

एर्लिंदाने तो कोंबड्यांना घातला आणि ठरवलं, याला साखर लावायची.

काम अवघड नव्हतं. टोपी आणि मास्क चढवला की बाई म्हणजे नुसते डोळे. तिने फिदेन्सियाचा फुलाफुलांचा एप्रन घातला आणि भर दुपारी तिच्या रिकाम्या जागेवर जाऊन उभी राहिली. एव्हारिस्तो केबिनबाहेर आला.

"साहेब," ती फिदेन्सियाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आज तरी रजा द्याल का? आता ताप नाही. अंग अगदी गार पडलंय."

एव्हारिस्तो पेट्यांवर बसला आणि पेट्यांसकट खाली गेला. बाकीच्या बायका मान खाली घालून संत्री निवडत राहिल्या.

आठवड्याने त्याचं रक्त तपासलं. साखर चारशे. डॉक्टर म्हणाले, "ही आजची नव्हे, कित्येक वर्षं आत मुरलीय." ते कुणी ऐकलं नाही. एव्हारिस्तोने तर मुळीच नाही.

धास्ती झाडून काढणारी बाई वस्तीत एकच होती, एर्लिंदा. तो तिच्याच अंगणात येऊन उभा राहिला.

"एर्लिंदाबाई, एवढी झाडून टाका."

"झाडते की. पण रीत आहे. कुणाची धास्ती घेतली, का घेतली, मोठ्यानं सांगायचं. तरच जीव परततो."

कुंपणापलीकडे शेजारणी कपडे वाळत घालत होत्या. वाळलेलेसुद्धा.

"हळू बोललं तर?"

"जीवही हळू येईल. वाटेत ट्रक फार."

"फिदेन्सियाची," तो पुटपुटला. "ताप होता. मला माहीत होतं. तरी उभी केली."

"कुंपणापलीकडे माझी जाऊ आहे, ती बहिरी आहे, साहेब."

तो ओरडून बोलला. कपडे वाळत घालायचे थांबले. एर्लिंदाने सतापीच्या पाल्याची ओली जुडी उचलली आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत असं झाडलं, की टोपी खुराड्यात जाऊन पडली.

"गेली?" त्याने धापा टाकत विचारलं.

"धास्ती गेली."

"आणि साखर?"

"ती नाही जात. ती तुमचीच. जेवण तोलून, सुई टोचून, पायाला जखम होऊ न देता राहायचं."

"किती दिवस?"

"जन्मभर," एर्लिंदा म्हणाली. मास्कआड ती कितीतरी दिवसांनी हसली. "देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो."